उरा पान्हो बी

इनास मास्तर पाद्री नव्हते, पण ईशज्ञानातलं काही अडलं की पाद्रीच त्यांचं दार ठोठावत. शाळेत भूमिती शिकवता शिकवता ते लॅटिन शिकले, जाडजूड ग्रंथ पचवले, आणि रत्नागिरीतल्या मूठभर कॅथलिकांसाठी मराठीत लिहीत राहिले. त्यांची बायको रोजिन म्हणायची, "लग्न केलंत माझ्याशी, नांदताय मात्र त्या दाढीवाल्या संतांशी."

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मांडवीच्या वाटेवरच्या क्रूसापाशी लादाईन होती. लादाईन म्हणजे मारियामातेचं एकेक नाव घ्यायचं आणि दर नावाला सगळ्यांनी एका सुरात लॅटिनमधून जाब द्यायचा, 'ओरा प्रो नोबिस'. यंदा मास्तरांनी ती सगळी मराठीत आणली होती. फादरांचा होकार मिळाला होता. राहिली होती नाताल मावशी. जाबात तिचा आवाज पुढे. ती उचलेल तेच वाडी उचलायची. तिनं तोंड मिटलं की मास्तरांची मराठी लादाईन कागदावरच राहणार.

दुपारी ते तिच्याकडे गेले. लादाईनीनंतर वाटायचे चणे ती शिजवत होती.

"मावशी, आजपासून जाब द्यायचा, 'आमच्यासाठी विनंती कर'."

"आनि उरा पान्हो बी?"

"काय?"

"आपन म्हनतो ना रं, उरा पान्हो बी. मायेच्या उरात पान्हो बी हाय. ल्येकरू रडला की फुटतो तो."

मास्तर खो खो हसले. मग मास्तरकीच्या सवयीनं त्यांनी लॅटिनचा एकेक शब्द फोडून सांगितला. पातेल्यातला मावशीचा डाव थांबला.

"म्हंजे पोर होते तवापासून मी देवाच्या आयेला भलतांच सांगत होते?"

हसू मास्तरांच्या ओठांवरच वाळलं. "तसं नव्हे गं..."

"जा बाबा. चणे लागतील माजे."

घरी आल्यावर त्यांनी रोजिनला सांगितलं. ती म्हणाली, "तिचा पोरगा पेद्रू तापानं गेला ना, तेव्हा उशाशी बसून ती हेच गात होती. तुम्ही पुण्याला परिषदेत होतात."

संध्याकाळी क्रूसाला अबोलीच्या वेण्या चढल्या. खाऱ्या वाऱ्यात मेणबत्त्या वाकत होत्या. मास्तरांनी सूर धरला, "पहाटेच्या तारके..."

"आमच्यासाठी विनंती कर," वाडी पुटपुटली, पाढे न आलेल्या वर्गासारखी. मावशी हात जोडून उभी, ओठ घट्ट.

"स्वर्गाच्या दारा..."

जाब आणखी बारीक झाला.

मास्तरांनी कागदावरची नजर उचलली. आई लेकरांसाठी देवापाशी शब्द टाकते, यावर त्यांनी उभा जन्म लिहिलं होतं. का टाकते, हे मात्र एकाही लेखात इतकं सरळ उतरलं नव्हतं. लेकरू रडतं म्हणून.

"दुःखितांच्या विसाव्या," ते गायले, आणि कुणी जाब द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, "उरी पान्हा गे."

फादर खोकले. रोजिननं पदर तोंडाला लावला.

"'गे' नाय रं मेल्या, 'बी'!" मावशी कडाडली. "इतका शिकलास नि इतकां येत नाय?"

आणि तिनं जाब उचलला. तिच्या फाटक्या, उंच आवाजामागून अख्खी वाडी उठली. उरा पान्हो बी.

मास्तर कागदावर बोट फिरवू लागले. पुढचं नाव सापडेना.

मावशीनं त्यांना कोपरानं ढोसलं. "थांबलास काय? माय वाट बगताय."