बऱ्या लेकरांची यादी

सकाळचे नऊ वाजायच्या आत नाहीदनं सात लेकरं परत पाठवली होती.

आरमोरीच्या पुढं, जंगलात वसलेल्या तीस-पस्तीस घरांच्या त्या टोल्यावर, अंगणवाडीच्या ओट्यावर ती टेबल मांडून बसली होती. समोर जांभळ्या झाकणाच्या नळ्या, पायाशी थर्माकोलची पेटी. पेटीत बर्फ नव्हता. या तपासणीच्या रक्ताला गारठा चालत नाही. तिला हवी होती दोन ते पाच वर्षांची बारा निरोगी मुलं, आणि येणारी प्रत्येक आई सांगत होती की आपलं लेकरू कायम आजारीच असतं.

"मागच्या चार आठवड्यांत ताप आला होता?"

"येतेच ना, मॅडम. नेहमीचाच हाये."

"खोकला?"

"रातभर."

ज्याच्याविषयी हे चाललं होतं तो पोरगा अंगणात बकरीच्या पाठीवर बसायचा प्रयत्न करत होता आणि बकरी दमली होती.

नाहीद चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. तिथल्या यंत्रात रक्तातल्या पेशी एकेक करून लेझरच्या उजेडासमोरून जातात आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी कोणत्या, किती, ते यंत्र मोजतं. मोजणं सोपं. किती असायला हव्यात, हे मात्र छापील तक्त्यात पाहावं लागतं, आणि ते तक्ते दूर कुठल्या तरी देशांतल्या मुलांवरून केलेले. मागच्या वर्षी मूल गावाकडच्या पियुष नावाच्या तीन वर्षांच्या मुलाचा एक आकडा तक्त्याबाहेर निघाला. अहवालावर तांबडी खूण आली. खाली सही नाहीदची होती. बापानं सायकलदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून त्याला दोनदा नागपूरला नेलं. चार महिने पोराला कुणात मिसळू दिलं नाही. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, मूल ठणठणीत आहे. कदाचित इकडच्या मुलांचा आकडा असाच असेल, कोणी मोजलेलाच नाही.

कोणी मोजलेलाच नाही, हे तिच्या मनातून जाईना. म्हणून ती या अभ्यासात आली होती. जंगलभागातल्या लहान मुलांच्या गटात चाळीस नमुने हवे होते, अठ्ठावीस झाले होते. पेशी ओळखायला लागणाऱ्या द्रावणांची मुदत आज संपत होती आणि पुढचा साठा शहरातल्या मुलांसाठी राखलेला होता. आज उरलेले बारा झाले नाहीत, तर हा गट शहरच्या गटात मिसळून टाकायचा असं ठरलं होतं. मग पियुषसारख्यांचा अहवाल पुन्हा दुसऱ्यांच्याच तक्त्यावर वाचला जाणार होता.

आठवी आई नाव सांगायला लागली तेव्हा गावची आशा कार्यकर्ती नीलाबाई पुढं आली. पन्नाशीची, अंगानं बारीक. सकाळपासून तीच घरोघर जाऊन लेकरं आणत होती.

"मॅडम, एक इचारू? तुमी मायले तोंडावर इचारून राह्यल्या, तुहं लेकरू चांगलं हाये का म्हनून. चारचौघांत. कोन हो म्हनन?"

"का नाही म्हणणार?"

"नजर लागन ना! मले इचाराल त मीबी माह्या नातवाले मरतुकडाच म्हनन."

ओट्याच्या कडेला बसलेले गावातले बापूराव खदखदून हसले. "लेकराचं सोडा, हे नीलाबाई सासूचंबी तसंच सांगते. म्हातारी गंजभर भात खाते, अन् हे गावाले सांगते, काई जेवतच नाई म्हनून."

"तुमी चूप बसा, भाऊ. तुमाले कोनाची नजर लागत नाई."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नाहीदलाही हसू आलं, आणि पाठोपाठ लाजही वाटली. भावाच्या गुबगुबीत पोराला डॉक्टरकडे नेलं की तिची अम्मी दर वेळी सांगायची, सूख के काँटा हो गया है. हे ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. तरी प्रश्नावली करताना तिनं तोच प्रश्न तस्साच लिहिला होता.

"पण नीलाबाई, माझ्या मनानं मी कोणाला निरोगी लिहू शकत नाही."

"तुमच्या मनानं काऊन? माह्या वहीतून लिहा."

या पट्ट्यात मलेरिया आहे. कोणालाही ताप आला की नीलाबाई बोटातून थेंब घेऊन पट्टीवर तपासायची आणि वहीत नोंदवायची. जुलाब झाले तर साखर-मिठाची पुडी दिल्याची नोंद. नाहीदनं पानं उलटली. नाव, तारीख, तापाचा कितवा दिवस, पट्टीचा निकाल, दिलेल्या गोळ्या. आणि प्रत्येक नोंदीखाली तिसऱ्या दिवशीची भेट: 'घरी गेले. खेळून राह्यला.' कुठं 'घरी गेले. निजून होती. दवाखान्यात नेलं.' सहा वर्षं, एकही भेट चुकलेली नाही. इतकी सलग नोंद ठेवायला नाहीदच्या प्रयोगशाळेत तीन माणसं आणि दोन संगणक लागत.

तिनं नियमांचं पुस्तक काढलं. चौथ्या पानावर होतं: स्थानिक आरोग्य कार्यकर्तीची नोंद उपलब्ध असल्यास ती ग्राह्य धरावी. हे वाक्य तिचंच होतं. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर शहरातल्या दवाखान्याच्या फायली होत्या.

मग काम चाललं. परत पाठवलेल्या सातांपैकी पाच लेकरं वहीप्रमाणे निखालस बरी निघाली. दोघांना खरंच ताप येऊन गेला होता. नीलाबाई एकेका आईला सांगे, "तू खुशाल आजारी म्हन, वही माह्याजवळ हाये. पन रक्त द्याचं का नाई, ते तुलेच सांगा लागन." कोणी हो म्हटलं, एकीनं नाही म्हटलं आणि लेकरू उचलून घरी गेली. साडेअकराला पेटीत अकरा नळ्या होत्या.

बारावा नीलाबाईचा नातू, अंकुश. चार वर्षांचा, पाय जमिनीवर न ठरणारा. त्याची आई तयार होती. त्यानं स्वतःच हात पुढं केला. नाहीदनं दंडाला पट्टा बांधला.

"थांबा," नीलाबाई म्हणाली. "याचं चालत नाई."

तिनं पान काढून दिलं. अठरा दिवसांपूर्वीची तारीख, ताप, पट्टीवर दोन रेघा, म्हणजे मलेरिया.

"अवो, आता कसा कुदून राह्यला पाहा," बापूराव म्हणाले. "एका लेकरावाचून अडलं ना त्यायचं? पान नसतं दाखवलं त कोनाले समजत होतं?"

"मले समजत होतं."

नाहीदनं पट्टा सोडला. आकडा थोडासा इकडे सरकवणारी मोठ्या पदव्यांची माणसं तिनं पाहिली होती, आणि त्यांच्यापुढं ती गप्प बसली होती. इथं तिला काही बोलायची गरजच पडली नव्हती. आपला नंबर गेला म्हणून अंकुश भोकाड पसरून रडत होता.

"गाडी कितीले जाते?" नीलाबाईनं विचारलं.

"साडेबाराला निघायलाच हवी."

"मंगली मोह वेचाले गेली. तिची पोरगी बसते यादीत." एवढं म्हणून नीलाबाई उन्हात चालू लागली.

ती परतली तेव्हा सव्वाबारा होत होते. मागून मंगली, डोक्यावर मोहफुलांची टोपली, कडेवर तीन वर्षांची दीपिका. टोपली उतरवायच्या आधीच मंगलीनं विचारलं, "आजारी नाई त सुई कायले?"

सकाळपासून एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. नाहीद उठून तिच्याजवळ गेली.

"उद्या इथलं एखादं लेकरू खरंच आजारी पडलं, तर त्याच्या रक्तात काय बिघडलं ते डॉक्टरला कसं कळेल? आधी बऱ्या लेकराचं रक्त कसं असतं, ते माहीत पाहिजे. आता दूरदेशच्या लेकरांशी ताडून पाहतात. त्यात चूक होते. माझ्याच हातून झाली."

मंगलीनं कडेवरची दीपिका सावरली. "म्हंजे दुसऱ्याच्या आजारी लेकरासाठी."

"हो. तुमच्या पोरीला यातून काही मिळणार नाही. थोडं दुखेल."

मंगलीनं नीलाबाईकडं पाहिलं. नीलाबाई मुद्दाम पेटीचं झाकण न्याहाळत उभी होती. मंगलीनं टोपली खाली ठेवली, ओट्यावर बसून पोरीला मांडीत घेतलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"घ्या मंग. पन चांगली हाये, असं तोंडानं म्हनू नका."

नाहीदनं रक्त घेतलं, नळी हळूच आठ वेळा उलटीपालटी केली, वहीतलं पान पुन्हा एकदा पाहिलं आणि अर्जावरच्या 'निरोगी' या चौकटीत न बोलता खूण केली. मंगलीनं खाली मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. दोन मिनिटं उशिरा, पण बाराच्या बारा नळ्या घेऊन गाडी चंद्रपूरकडे निघाली.