लाल रेघेवरची जागा

"गोली आहे की फाटक? तेही सताड उघडं," मागच्या बाकावरचा माणूस ऐलीच्या कानाशीच पुटपुटला.

ऐलीने थर्मासचं झाकण गरजेपेक्षा जरा जोरातच फिरवलं, पण वळून बघितलं नाही. वळलं की भांडावं लागणार, आणि भांडायला मुद्दा हवा. माणूस तर खोटं बोलत नव्हता. खाली बर्फावर, हॉकीच्या जाळीपुढे, गाद्या बांधून उभी असलेली ती अकरा वर्षांची गोली, म्हणजे गोलरक्षक, तिची नात होती, सेल्मा. रबरी चकती घरंगळत आली की सेल्मा थोडी बाजूला व्हायची. दारी आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, अशा चेहऱ्याने.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रशिक्षक म्हणायचे, "पोरीत चिकाटी फार आहे हं!" भाजी करपली की लोक ताट सुरेख वाढलंय म्हणतात, त्यातला प्रकार. संघातल्या पोरी हरल्यावर तिच्या शिरस्त्राणावर थोपटायच्या. पण खरं कुणीच बोलत नव्हतं, आणि ऐली तर मुळीच नाही. त्याला कारण होतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाची, लॉरीची, आणि सुनेची, शॉनाची, काडीमोड झाली. का झाली, याची थंडर बे गावात जितकी तोंडं तितकी उत्तरं होती. ऐलीचं उत्तर सोपं होतं. लॉरी दोन आठवडे खाणीवर असायचा, दोन आठवडे घरी. तो नसताना शॉना एकटी घर रेटायची, आणि तो आला की घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. फक्त हा पाहुणा आल्या आल्या घराची ऊब कमी करायचा. तो भिंतीवरचं बटण अठरावर आणायचा, ती बावीसवर न्यायची. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. घरात बोलायचं ते बटणच. शेवटी वकिलासमोर दोघांनी "आमचं पटत नाही" म्हणून सांगितलं. ऐलीला तेव्हा वाटलं होतं, अरे, न पटायला आधी एकदा बोलावं तरी लागतं!

मग वाटण्या झाल्या. मांजर शॉनाकडे गेलं, मांजराची टोपली लॉरीकडे राहिली. सेल्माला दोन पलंग मिळाले, दोन दात घासायचे ब्रश मिळाले, आणि कायम दुसऱ्या घरी राहिलेलं गणिताचं पुस्तक मिळालं. शॉनाची पंचाईत वेगळीच. सासूला हाक काय मारायची? "आई" म्हणणं कायद्यात बसेना, "ऐली" म्हणणं जिभेवर बसेना. तेव्हापासून ती नुसतं "अहो" म्हणायची, तेही दुकानात ढकलगाडी आडवी आली तर.

राहता राहिला शनिवारचा सामना. लॉरीने आता गावातच काम धरलं होतं, तेव्हा त्याला दोघंही यायचे, पण बसायचे मैदानाच्या दोन टोकांना, जाळीमागच्या काचेला नाक लावून. आता खेळाचे भाग तीन, टोकं दोन, आणि दर भागाला गोली टोक बदलणार. म्हणजे एकाच्या वाट्याला लेक दोनदा, दुसऱ्याच्या वाट्याला एकदा. यावरून इतकी धुसफूस झाली की दर शनिवारी टोकं आलटून पालटून घ्यायची असं ठरलं. पोरगी इथेही एका घरातून दुसऱ्या घरात जात होती, फक्त बर्फावरून.

ऐली बसायची बरोबर मध्ये, बर्फावर मधोमध आखलेल्या लाल रेघेसमोर. मांडीवर गोधडी, पिशवीत वेलदोड्याच्या पुल्ला पावाचे दोन डबे, दोन्ही डब्यांत तुकडे सारखे. दोन्हीकडून तिला हात व्हायचे आणि ती दोन्हीकडे हात करायची. आठवड्यातून एवढा एक तास तिचं घर तिला एका छपराखाली दिसायचं. सेल्मा खेळायची थांबली की हा तासही गेला. म्हणून म्हातारीने तोंडाला कुलूप घातलं होतं.

त्या शनिवारी मात्र घोटाळा झाला. आदल्या संध्याकाळी मोठ्या पोरांच्या खेळात शॉनाच्या टोकाची काच तडकली होती, आणि तिथे पिवळी पट्टी लावून बसायला मनाई केलेली. शॉना टोपी सावरत इकडे तिकडे बघत राहिली, आणि मग पायऱ्या चढून आली.

"अहो, इथे बसले तर चालेल?"

"बाक माझ्या बापाचा नाही. बस."

पहिला भाग संपतो न संपतो तोच लॉरीही आला. बायका शेजारी बसल्यात म्हणजे आपल्याबद्दल काहीतरी शिजतंय, हा त्याचा जुना ग्रह. तो ऐलीच्या दुसऱ्या बाजूला टेकला आणि थंडी वाजल्याचं निमित्त करून गोधडीचं टोक ओढलं. दुसरं टोक शॉनाच्या गुडघ्यावर होतंच.

"आई, तिला विचार, सेल्माचे मोजे कुठे राहिले."

"त्याला सांगा, त्याच्याच गाडीत."

"मी काय टपालपेटी आहे?" ऐली म्हणाली. "पाव खा दोघं. तोंडं तरी भरलेली राहतील."

पाव चावता चावता लॉरी म्हणाला, "आई, उन्हाळ्यात तिला गोलींच्या शाळेत घालतोय. जुलै माझ्याकडे आहे ना."

शॉनाचा घास तोंडातच थांबला. "मी ऑगस्टचं नाव घातलंय. त्याच शाळेत."

"म्हणजे पोरीने आख्खा उन्हाळा बर्फात काढायचा?" ऐलीने विचारलं. "तळ्यावर कधी जायचं तिने?"

यावर दोघंही एकदम बोलायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा, म्हातारीला मध्ये न घालता, थेट एकमेकांशी. जुलै कुणाचा, ऑगस्ट कुणाचा, आधी कुणी ठरवलं. भांडणच होतं ते, पण ऐलीला मेलं तेही गोड लागलं.

खाली सेल्माने मान वर केली. सवयीने आधी एका टोकाला बघितलं, तिथे पिवळी पट्टी. मग दुसऱ्या टोकाला, तिथेही कुणी नाही. मग तिला लाल रेघेसमोर एकाच गोधडीखाली तिघं दिसली. ती बघतच राहिली. समोरच्या संघातल्या एका टिचभर पोरीने, काही सुचेना म्हणून, पार पलीकडून चकती भिरकावली. ती आळसावत, रमतगमत सगळा बर्फ ओलांडून आली. मैदानातले सगळे ओरडत होते. सेल्मा वर बघत होती. चकती तिच्या दोन पायांमधून अलगद जाळीत गेली.

मागच्या माणसाने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीबाहेर सेल्मा बाकावर बसली होती. पायांच्या गाद्यांचे पट्टे सोडत होती.

"झकास खेळलीस!" लॉरी म्हणाला.

"तो शेवटचा गोल तर कुणालाच अडवता आला नसता," शॉना म्हणाली.

"आणि उन्हाळ्यात ना, बेटा, आम्ही तुला..."

"आजी," सेल्मा मध्येच म्हणाली. केस घामाने कपाळाला चिकटले होते. "तू सांग. मला येतं का गं हे?"

लॉरीने आईकडे बघितलं, शॉनाने सासूकडे. दोघांच्या डोळ्यांत एकच विनवणी होती. ऐलीला पिशवीतले दोन डबे आठवले. पुढच्या शनिवारी ते कुणासाठी भरायचे? ती लाल रेघ, ते दोन हात, गोधडीची दोन टोकं. पोरगी मात्र तिच्याकडे टक लावून बघत होती.

"नाही गं बाई," ऐली म्हणाली. "मुळीच येत नाही तुला."

"आई!" लॉरी ओरडला. "अहो आई!" शॉनाही ओरडली, आणि आपण काय म्हणून गेलो ते कळताच टोपी सावरायला लागली.

सेल्माने मात्र एवढा मोठा श्वास सोडला, की छातीवरचं चिलखत खाली बसलं.

"मला माहितीये," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग सोडलं का नाहीस?" लॉरीने विचारलं. "आम्ही कुठे बळजबरी केली?"

सेल्माने दुसरा पट्टा सोडला. गादी धप्पकन जमिनीवर पडली.

"सोडून कसं चालेल?" ती म्हणाली. "दुसरीकडे तुम्ही दोघं येताच कुठे?"