तारेचं दुसरं टोक

सीतेला मुंबईहून देवगडला आणून अकरा दिवस झाले होते. तिच्या अंगाला तेल चोळताना तिच्या आजीचं, माईंचं, बोट छातीखाली अडखळलं. ऑपरेशनच्या व्रणाच्या बाजूला केसाएवढं निळसर टोक वर आलं होतं.

"अगो नीरजा, ह्यो टाको रवलो हय," माईंनी सुनेला हाक मारली. "बाहेर गंगाराम इलोहा, तो एका झटक्यात काढीत."

बांगडे घेऊन आलेला गंगाराम पडवीतच होता. गावात कुणाच्या बोटात गळ रुतला की तोच काढायचा. त्यानं कमरेचा चिमटा पुसायला घेतला.

आतून नीरजानं ते ऐकलं. तो टाका नव्हताच. ऑपरेशननंतर पोरीचं काळीज मंद पडलं तर बाहेरच्या पेटीतून ठोके देता यावेत, म्हणून डॉक्टरांनी चार बारीक तारा ठेवल्या होत्या. सहाव्या दिवशी काढताना तीन सुटल्या, चौथी हलेना. जोर न लावता त्यांनी ती कातडीलगत कापली आणि नीरजाला बजावलं, टोक वर आलं तर कुणाला ओढू द्यायचं नाही. माई धसका घेतील म्हणून तिनं घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

ती धावत येऊन सीतेच्या आणि गंगारामच्या मध्ये बसली. "हात लावू नकात. टाको नाय, तार आसा ती."

"तार?" गंगाराम थांबला. गळ उपसण्याआधी तो नेहमी एकच गोष्ट विचारी. "दुसरा टोक खंय आसा?"

"काळजावर."

त्यानं चिमटा कमरेला खोचला आणि दोन पावलं मागे सरला.

"आणि ह्या माका आता सांगतंस?" माई म्हणाल्या.

"तुमी घाबरशात म्हणून..."

"आता मी काय नाचतंय?"

नीरजानं उकळलेल्या पाण्यानं हात धुतले, टोकावर कोरडी स्वच्छ गॉझ ठेवली, चिकटपट्टी लावली. दुपारच्या एस.टी.नं तिघी जवळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी हातमोजे घालून पाहिलं. लाली नव्हती, पू नव्हता. मुंबईला फोन लावून विचारलं आणि टोक पुन्हा कातडीलगत कापलं. ताप आला किंवा पाणी सुटलं तर लगेच या, म्हणाले.

घरी आल्यावर सीता झोपली. माईंनी चष्मा पुसला आणि मुंबईच्या इस्पितळानं घरी सोडताना दिलेला कागद नीरजाच्या हाती ठेवला.

"वाच," त्या म्हणाल्या. "पयल्या ओळीपासून. माका समजात असा वाच."

नीरजा त्यांच्या शेजारी बसली आणि इंग्रजीतली एकेक ओळ मराठीत करून सांगू लागली.