दहा चाकांतली चार

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे, ट्रेलर ओढणारा. कारखान्यात मला मागे चार-चार चाकांचे दोन एक्सल, म्हणजे आस, बसवले. इंजिनाची ताकद पोचते ती त्यातल्या पुढच्याच एक्सलला. शेवटचा नुसता वजन झेलतो. त्याला डमी म्हणतात.

अकरा वर्षं मी बंदराच्या सपाट रस्त्यावर सिमेंट ओढलं. चालक म्हणायचा, "ही गाडी तेल नुसतं हुंगते!" तो निवृत्त झाला आणि मी जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर येऊन पडलो. दोन वर्षं माझी काचसुद्धा कुणी पुसली नाही. मग तिथल्या दलालाने मला लाल रंग फासला.

एके दिवशी बहीण-भाऊ आले. त्यांना दगडखाणीच्या चढावर माल न्यायचा होता. ट्रक चालवणार होती ताई.

"मागचे दोन्ही एक्सल ओढतात ना?" तिने विचारलं.

"दहा चाकं आहेत ताई, डोंगर चढेल डोंगर!" दलाल म्हणाला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे होतं?

ताई खाली वाकून बघणार, तोच भाऊ म्हणाला, "चिखलात कशाला लोळतेस? चालवूनच बघ की."

भरलेला ट्रेलर जोडला. अड्ड्यामागे ओल्या मातीचा चढ होता. भाऊ चाकं बघायला मागे उभा राहिला.

अर्ध्या चढावर माझी चार चाकं जागच्या जागी गरगरू लागली. बाकीची ढिम्म. ताईने ब्रेक दाबला, तरी मी मागे घसरतच राहिलो. आरशात तिला भाऊ दिसला.

"बाजूला हो! अरे, बाजूला हो!"

तो पळायला गेला आणि चिखलात आपटला. ताईने दात आवळून स्टिअरिंग फिरवलं. ट्रेलर कडेच्या मातीच्या ढिगात घुसला आणि थांबला. भावाच्या पायापासून वीतभर अंतरावर.

ती उतरली. आधी भावाला उठवून छातीशी धरलं. मग माझ्याखाली सरपटत शिरली.

"इंजिनाची ताकद नेणारा दांडा मागच्या पहिल्या एक्सलपाशीच संपतो," ती बाहेर येत म्हणाली. "शेवटचा डमी आहे. दहा चाकं खरी, ओढणारी चारच."

"अहो, पण तुम्ही नीट विचारलं कुठे..." दलाल चाचरला.

"विचारलं होतं. तुम्ही चाकं मोजून दाखवलीत."

भाऊ अंगावरचा चिखल झटकत म्हणाला, "भंगार आहे नुसतं!"

"गाडीला नाव ठेवू नकोस," ती म्हणाली. "सपाटीवर ही सोनं आहे. चढ तिचा नाही."

ते दोघे निघून गेले. आठवड्याने तिने सांगून पाठवलेला एक धान्यवाला आला. आधी माझ्याखाली शिरला, मगच बोलला. आज मी त्याचं धान्य सपाट रस्त्याने नेतो.

मित्रांनो, आमच्या रंगावर जाऊ नका आणि चाकंही नुसती मोजू नका. कपडे मळले तरी चालतील, पण खाली वाकून बघा. न झेपणारं काम लादलंत, तर आम्हाला नाही म्हणता येत नाही हो. आम्ही फक्त घसरतो.