लॉर्डसाहेबांची मिरवणुकीची खुर्ची

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे, आणि माझा राग जवळजवळ माझ्याइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या आमच्या वेस्टरली गावात संसदेवर निवडून आलेल्या माणसाला माझ्यावर बसवत आणि माझे दांडे खांद्यावर घेऊन गावभर मिरवत.

मला जेबेझ कॉटरिल या सुताराने घडवले. पहिले बसले ते तरुण लॉर्ड एव्हरार्ड. गावातली बहुतेक घरे त्यांच्या वडिलांची होती. पुढे ते लंडनमध्ये मंत्री झाले. दर निवडणुकीला मला त्यांच्या पक्षाच्या निळ्या फिती लागत, आणि लॉर्डसाहेब मागच्यापेक्षा जड झालेले असत.

तेव्हा मत चौकातल्या मंचावर चढून मोठ्याने सांगावे लागे. पाव महागला त्या वर्षी जेबेझने विरोधकाचे नाव घेतले. खाली लॉर्डसाहेबांचा कारभारी ग्रिग्ज कान देऊन उभा होता.

"नीट ऐकू आलं नाही, जेबेझ. पुन्हा सांगतोस?"

"दोनदा सांगितलं तर दोन मतं धराल का, ग्रिग्जसाहेब?"

लोक हसले. लॉर्डसाहेब तरीही जिंकले. हिवाळ्यात त्यांनी जेबेझला घराबाहेर काढले. तो निराधारांच्या गरीबखान्यात खोकून खोकून मेला. त्याची बायको हॅना दुसऱ्या मालकाच्या खोलीत राहून लोकांचे कपडे धुऊ लागली.

पुढच्या मिरवणुकीत लॉर्डसाहेबांना चिखलात आपटावे असे मला फार वाटले. पण जेबेझने सांधे असे पक्के बसवले होते की मला साधे करकरताही येईना.

मग गुप्त मतदानाचा कायदा आला. "लपून मत देणं हे मर्दाचं काम नव्हे," असे लॉर्डसाहेब सभेत गरजले. तरी त्यांना घोर नव्हता. एकेका कुळाने टोपी काढून शब्द दिला होता. ग्रिग्जने तर मोजणी संपण्याआधीच मला सजवून चौकात ठेवले.

लॉर्डसाहेब हरले.

ते मोजणीच्या इमारतीच्या पायऱ्यांवर येऊन एकेकाला विचारू लागले. "टर्नर, तू मत कोणाला दिलंस?"

"आपल्यालाच, सरकार."

"आणि तू, पिम?"

"हे काय विचारणं झालं, सरकार? आपल्यालाच."

सगळ्यांचे उत्तर तेच. आता घराबाहेर कोणाला काढणार? मागून कोणीतरी म्हणाले, "खुर्ची तयार आहे, सरकार. बसा की. उचलणारे तेवढे बघा."

लॉर्डसाहेबांचे ओठ पांढरे पडले. इतके सुख मला कोणत्याच मिरवणुकीत मिळाले नव्हते.

"जाळून टाका ती," ते ग्रिग्जला म्हणाले.

हॅना पुढे आली. "सरपणच करायचं तर मी नेते. माझ्या नवऱ्याच्या हातची आहे."

तिने मला जाळले नाही. दांडे कापून मला रस्त्याकडेच्या आपल्या दारात ठेवले. लॉर्डसाहेबांची घोडागाडी स्टेशनाकडे निघाली की ती माझ्यावर बसून बटाटे सोलते. ते पडदा ओढून घेतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. माझा मागचा पाय किडू लागला आहे, तर कोणीतरी मला जवसाचे तेल चोळा. लॉर्डसाहेब अजून जिवंत आहेत. मला त्यांच्यापेक्षा एक दिवस तरी जास्त टिकायचे आहे.