सात खुणांची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. माझ्यातून आता गोळी सुटत नाही. फौजेने मला मोडीत काढले तेव्हा माझ्या नळीला आरपार भोक पाडले आणि आतली पिन काढून घेतली. तरीही मला कुणी बिचारी म्हणू नये. मी दिघीला ज्योतीराम हवालदारांच्या घरात भिंतीवर असते. या भिंतीवर मी कशी आले आणि इथेच का राहिले, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म १९०८ साली विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादी नळी आणि अंगावर ठोकलेला नंबर, सहा हजार चारशे एकोणीस. माझ्यासारख्या हजारो होत्या. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बोटीतून मला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात नेले. तिथे मी चिमाजीच्या हाती आले. तो चाकणजवळच्या एका वाडीतला, मराठा पलटणीतला शिपाई. वय एकोणीस. दिवसा वाळू तापायची तेव्हा तो मला स्वतःच्या सावलीत धरायचा.

मी गोळ्या झाडल्या. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही आणि त्याची फुशारकीही मारणार नाही.

चिमाजीचा पहिला सोबती गेला तेव्हा त्याला नदीकाठी पुरले. वर ठेवायला दगडसुद्धा मिळाला नाही. चिमाजीने चाकूच्या टोकाने माझ्या दस्त्यावर एक लहानशी उभी खूण कोरली. दुसरा गेला तेव्हा दुसरी. तपासणीत ती साहेबाच्या नजरेस पडली. सरकारी मालाची खराबी केली म्हणून चिमाजीला पाठीवर पूर्ण सामान घेऊन दिवसभर उन्हात उभे केले. तो उभा राहिला. पुढच्या महिन्यात तिसरा सोबती गेला, आणि चिमाजीने तिसरी खूण कोरली. लढाई संपली तेव्हा माझ्या अंगावर सात खुणा होत्या. त्यांचा मला कधी कमीपणा वाटला नाही.

मग आमची ताटातूट झाली. चिमाजी गावी गेला. मी कोठारात गेले, पुढे रंगरुटांच्या हाती सरावाला दिली गेले. दुसरे महायुद्धही असेच गेले. १९५५ साली देहूरोडजवळच्या एका डेपोत आम्हा जुन्यांचा लिलाव झाला. भोसरीच्या रहिमानभाईंनी सगळा ढीग भंगारात घेतला. आमच्या नळ्या कापून खिडक्यांचे गज करायचे, असा त्यांचा बेत होता. करवत माझ्या शेजारीच पडलेली होती.

त्याच सुमारास ज्योतीराम हवालदार रहिमानभाईंच्या दुकानात आले. फौजेत बावीस वर्षे त्यांनी रायफली दुरुस्त केल्या होत्या. पेन्शनीत निघाल्यावर त्यांना एकच नाद लागला. निकामी केलेल्या जुन्या फौजी रायफली, प्रत्येक जातीची एक, जमवायच्या. त्यासाठी त्यांनी जिल्हा कचेरीतून लेखी परवानगी आणली होती. नऊ जमल्या होत्या.

"हवालदारसाहेब, हिच्यापेक्षा चांगल्या आहेत ढिगात. ही तर ओरखडलेली आहे," रहिमानभाई म्हणाले.

हवालदारांनी माझ्या दस्त्यावरून अंगठा फिरवला. "ओरखडे न्हाईत हे, रहिमानभाई. कुणीतरी ध्यान देऊन कोरलंय. हीच द्या मला."

घरी यशोदाबाईंनी, म्हणजे हवालदारांच्या मंडळींनी, मला पाहून कपाळाला हात लावला. "आनी एक? मग मानसांनी झोपायचं कुठं?" असे म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याच्या चिंधीने माझ्या दस्त्याला जवसाचे तेल त्यांनीच चोळले. एका शेजाऱ्याने सुचवले की पॉलिश कागद मारला तर या खुणा जातील. हवालदार म्हणाले, "ज्यानं पाडल्यात त्याला इचारल्याबिगर न्हाई."

दोन वर्षे सुखात गेली. पण ते घर ओलीचे. पावसाळ्यात आमच्या अंगावर गंज चढू लागला आणि हवालदारांचे डोळेही अधू होत चालले. अशात चिंचवडच्या नानासाहेबांचा निरोप आला. ते बडे गृहस्थ. त्यांनी नव्या बंगल्याशेजारी एक दालन बांधले होते, भिंतीभर काचेची कपाटे केली होती. तुमच्या दहाही रायफली द्या, पिढ्यान् पिढ्या टिकतील, असे त्यांचे म्हणणे होते. हवालदारांनी आठ दिवस विचार केला आणि कागदावर सही केली.

"आन ह्या रायफलींबद्दल लोकांना सांगनार कोन?" यशोदाबाईंनी विचारले. हवालदार आम्हाला एकेक करून गोणपाटात गुंडाळू लागले.

दालन उघडायच्या दिवशी पुष्कळ मंडळी जमली. आसपासचे फौजी पेन्शनर बोलावून मागच्या बाकांवर बसवले होते. नानासाहेब छडीने एकेक कपाट दाखवत माझ्यापाशी आले.

"मंडळी, या दस्त्यावर सात खुणा आहेत. ज्या वीराने ही रायफल चालवली, त्याने सात शत्रू लोळवले आणि प्रत्येकाची खूण इथे कोरून ठेवली."

टाळ्या पडल्या. काचेखाली तशी पाटीही लावलेली होती. मित्रांनो, माझ्या नळीला भोक पाडले तेव्हा मी इतकी संतापले नव्हते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. डोक्याला पटका, कोटावर जुनी पदके. "सायब, नंबर सहा हजार चारशे एकोणीस हाय का तेवढं बघा."

"बाबा, बसून घ्या. कार्यक्रम चालू आहे."

"बसतो की. आदी नंबर बघा."

ज्योतीराम हवालदार पुढच्या खुर्चीवरून उठले. कपाट उघडून त्यांनी मला खिडकीकडे धरले, डोळे बारीक करून नंबर वाचला. तोच होता. मग तो म्हातारा जवळ आला. मी त्याला चालीवरून ओळखले. चिमाजी.

"ह्या खुना म्या पाडल्यात," तो म्हणाला. "मारलेल्यांच्या न्हाईत. आमची मानसं पुरली त्यांच्या हायेत. धोंडू. गेनू. बाळा लोहार. येसाजी. हरिबा. नाथू. सातवा खेचरं हाकनारा. सकाळीच आमच्यात आल्ता. नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं."



नानासाहेब हवालदारांच्या कानाशी आले. "असेल तसं. पण लोक इथे शौर्य बघायला येतात. पाटी आहे तशी राहू द्या. कुणाचं काय बिघडतंय?"

"त्या सातांचं बिघडतंय," हवालदार म्हणाले. "पाटी बदला, न्हाईतर ही मी घरी नेतो."

नानासाहेबांचा चेहरा ताठ झाला. "न्या. पण सही केली आहे तुम्ही. बाकीच्या नऊ इथेच राहतील."

हवालदारांनी त्या नऊजणींकडे पाहिले. एकेक शोधायला त्यांनी किती गावे पायांखाली घातली होती, ते मला ठाऊक आहे. मग त्यांनी मला खांद्याला लावले आणि ते दाराकडे निघाले. यशोदाबाई आधीच उठून उभ्या होत्या. चिमाजीही त्यांच्या मागोमाग निघाला.

चिमाजीची चाकणची वाट भोसरीहून फुटत होती; तिथपर्यंत आम्ही सगळे पायीच आलो. वाटेत चिमाजीने मला मागून घेतले. चाळीस वर्षांनी मी त्याच्या हातात होते. थोडे चालल्यावर तो हळूच म्हणाला, "तू जड झालीस, का मी थकलो गं?" मला बोलता आले असते तर मी सांगितले असते, की आपण दोघेही अजून ताठ आहोत.

या गोष्टीला दोन वर्षे होतील. नानासाहेबांचे दालन रविवारी सर्वांना खुले असते. दर रविवारी हवालदार सायकलवर टांग मारून चिंचवडला जातात. तिथला माणूस लोकांना काही खोटे सांगू लागला, की ते शांतपणे म्हणतात, "असं न्हाई ते." आणि खरे काय ते सांगतात. दोनदा त्यांना बाहेर काढले. तिसऱ्या रविवारी ते पुन्हा गेले. आता काही लोक त्यांचीच वाट बघत थांबतात.

मित्रांनो, जुनी वस्तू तुमच्या हाती आली तर तिला तेलपाणी करा, गंजू देऊ नका. पण तिच्या अंगावरच्या खुणा पुसायची घाई करू नका, आणि तुम्हाला आवडेल ती गोष्ट तिच्या नावावर खपवू नका. आधी विचारा. सांगणारे कुणीतरी एखाद्या मागच्या बाकावर बसलेले असते. आणि कळले नाही तर कळले नाही म्हणा. त्यात लाज नाही.

गेल्या रविवारी हवालदार घरी आले, सायकल भिंतीला लावली आणि पाणी पिता पिता यशोदाबाईंना म्हणाले, "एका रायफलीखालची पाटी बदलली त्यांनी. मी सांगितलं तसंच लिवलंय."

"आन बाकीच्या?"

"आठ ऱ्हायल्यात," हवालदार म्हणाले, आणि सायकलच्या चाकात हवा भरायला बसले.