वाघ न झालेली माती

मी माती बोलतेय. खरं तर ही पहिलीच वेळ. चंद्रपूरच्या प्रदर्शनात लोक मात्र सांगत असतात, की सत्यशीलाबाई आधी चित्र काढत नाहीत, माप घेत नाहीत, माती सांगते तसं घडवतात. मला हसू येतं. मी काय सांगणार, कपाळ!

आरमोरीजवळ धानाला पाणी देणारी एक बोडी आहे, तिच्या तळाशी मी पडून होते. म्हशी अंगावर लोळायच्या, पण एकीनेही मला कलेबद्दल विचारलं नाही. सत्यशीलानं मला पोत्यात भरून घरी आणलं, खडे वेचले, पायांनी तुडवलं. मग डोळे मिटून माझ्यावर हात ठेवला आणि वाट पाहत बसली. मीही वाट पाहत बसले.

तिला जंगलाकाठच्या एका रिसॉर्टचं काम मिळालं होतं. फाटकाशी वाघ हवा होता. आमच्याकडे पाहुण्यांना दुसरं काही चालतच नाही. तिचं हे पहिलंच मोठं काम, खाली नाव कोरलं जाणार होतं.

बोटं चालू लागली. वाकलेली पाठ झाली. मला वाटलं, वाघ दबा धरतोय. मग पदर निघाला. मग टोपली, आणि टोपलीवरून एकदम वर उचललेला चेहरा. तो पाहून सत्यशीलाची आई रुखमा दारातच बसली.

"हे त भागीरथा आहे," ती म्हणाली.

भागीरथा ही रुखमाची बहीण. सत्यशीला लहानपणी तिच्याच कडेवर वाढली. मोहफुलं वेचायला गेलेल्या भागीरथाला वाघानं नेलं. घरात तिचा एकही फोटो नाही. मी काही सांगितलं नव्हतं, त्या बोटांनाच आठवलं.

मॅनेजर आला, गोल फिरून समोर उभा राहिला. छान आहे म्हणाला, पण यात वाघ कुठं आहे? माती ओलीच आहे, मोडून पुन्हा मळा, आठ दिवस देतो. त्याचं चूक नव्हतं. भट्टीत जाईपर्यंत मला मोडायला एक बादली पाणी पुरतं. जन्मभर तुडवून घेतलेली मी, पण त्या दिवशी घाबरले.

सत्यशीलानं पाण्याची बादली उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "वाघ आहे ना भाऊ. तिले दिसून राह्यला. तुमी उभे आहा तिथीच."

मॅनेजर चटकन बाजूला सरकला. काम गेलं. मी सुकले तशी तिनं मला भट्टीत घातलं.

आता त्या फाटकाशी सिमेंटचा वाघ आहे. लोक त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. मी इथं सत्यशीलाच्या अंगणात आहे. माझ्या टोपलीत कोंबडी अंडी घालते. रुखमा माझ्याशेजारी बसून मोहफुलं निवडते, समोर मात्र कधी बसत नाही.

कधी आलात तर मातीनं काय सांगितलं हे विचारू नका. समोर उभे राहा आणि या बाईच्या नजरेला नजर द्या. फार वेळ उभं राहवलं नाही तर शेजारी या. रुखमा सरकून जागा देईल.